न्यूयॉर्कला पहिल्यांदा जाताना : १९१३ च्या नकाशावरून पाच दिवस

लंडनमधील किंग हेन्री रोडवरचे दहा क्रमांकाचे घर आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांनी पाहिले आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या संस्थांच्या दारांवरूनही आपण मुलांना नेऊन आणले आहे. परंतु बाबासाहेबांच्या परदेशातील शिक्षणाचा पहिला मुक्काम लंडन नव्हता. तो होता न्यूयॉर्क. १९१३ च्या जुलै महिन्यात, वयाच्या बाविसाव्या वर्षी ते या बंदराच्या शहरात उतरले आणि पुढील तीन वर्षे त्यांनी कोलंबिया विद्यापीठात काढली. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली आमची सहा कुटुंबे आता तेथे प्रथमच जाण्याची तयारी करीत आहेत. गेले काही महिने दर रविवारी एकत्र बसून आम्ही जो आराखडा तयार केला, तो इतर कुटुंबांनाही उपयोगी पडेल, या हेतूने येथे मांडत आहोत.

पहिल्याच बैठकीत दोन याद्या समोर आल्या. एक मुलांची : स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर, सेंट्रल पार्क, ब्रुकलिनचा पूल. दुसरी मोठ्यांची : कोलंबिया विद्यापीठ आणि तेथील बाबासाहेबांचा अर्धपुतळा. दोन्ही याद्या वेगळ्या ठेवल्या असत्या तर काय झाले असते, हे सांगायला ज्योतिषी नको. चार दिवस सहलीचे, एक सकाळ अभिवादनाची, पुतळ्याजवळ एक छायाचित्र आणि परतीचे विमान. मुलांच्या मनात बाबासाहेब म्हणजे आईवडिलांच्या यादीतील एक थांबा, एवढेच उरले असते. म्हणून आम्ही दोन्ही याद्यांना जोडणारा एक प्रश्न शोधला : बाबासाहेब उतरले तेव्हा या शहरात काय काय उभे होते?

उत्तर फार बोलके निघाले. ग्रँड सेंट्रल हे भव्य रेल्वेस्थानक १९१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाले. वुलवर्थ इमारत त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये खुली झाली आणि १९३० पर्यंत ती जगातील सर्वांत उंच इमारत होती. पाचव्या ॲव्हेन्यूवरील सार्वजनिक ग्रंथालयाची संगमरवरी वास्तू १९११ ची. भुयारी रेल्वे १९०४ पासून धावत होती आणि कोलंबिया विद्यापीठाजवळचे ११६ व्या रस्त्याचे स्थानक तिच्या पहिल्याच मार्गावरचे. ब्रुकलिनचा पूल १८८३ चा, स्वातंत्र्यदेवता १८८६ ची. एम्पायर स्टेट इमारत मात्र १९३१ ची, म्हणजे बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत ती नव्हती. आमच्या मुलांनी आता स्वतःच एक वही केली आहे. प्रत्येक स्थळापुढे ती ‘तेव्हा होते’ किंवा ‘तेव्हा नव्हते’ असे लिहितात. वर्षे शोधता शोधता त्यांना इतर गोष्टीही कळू लागल्या. त्याच फेब्रुवारीत सुभेदार रामजींचे निधन झाले होते. रमाई आणि तान्हा यशवंत मुंबईत होते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती आणि त्यातूनच घरीही पैसे पाठवायचे होते.

कधी जावे, कोणी कोणत्या कागदावर जावे

न्यूयॉर्कचा उन्हाळा दमट आणि तापदायक, हिवाळा बोचरा. प्रवासाला उत्तम काळ वसंताचा आणि शरदाचा. योगायोग असा की, १४ एप्रिलची जयंती आणि १४ ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन हे दोन्ही याच काळात येतात. शाळेच्या सुट्ट्या मात्र दरवर्षी या तारखांना जुळतातच असे नाही. त्यामुळे आधी शाळेची दिनदर्शिका पाहावी आणि मगच विमानाचे तिकीट काढावे.

खरी कसोटी लागते ती पारपत्रांची. आपल्या एकाच घरात दोन-तीन प्रकारची कागदपत्रे असतात. ब्रिटिश पारपत्र असलेल्यांना अल्प मुदतीच्या पर्यटनासाठी ‘एस्टा’ ही ऑनलाइन पूर्वपरवानगी पुरते. ती तान्ह्या बाळासाठीही स्वतंत्र घ्यावी लागते. भारतीय पारपत्र असलेल्यांना, मग त्यांच्याकडे ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा परवाना असो वा नसो, अमेरिकेचा पर्यटक व्हिसा आणि बहुधा मुलाखत आवश्यक असते. नागपूर-अमरावतीकडून येणाऱ्या आजी-आजोबांना मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासाची पायरी चढावी लागते आणि मुलाखतीची तारीख मिळायला कित्येक महिने लागू शकतात. नियम आणि शुल्क बदलत असतात. ते नेहमी अधिकृत संकेतस्थळावरच तपासावेत. सारखीच दिसणारी खासगी संकेतस्थळे जादा पैसे आकारतात.

या मुद्द्यावर आमच्या बैठकीत बरीच चर्चा झाली. तरुणांचे म्हणणे, आपण जाऊन येऊ, आईबाबांना पुढच्या खेपेला नेऊ. अखेर उलट निर्णय झाला. ज्यांनी दीक्षाभूमीवरची गर्दी अंगावर घेऊन आम्हाला खांद्यावर बसवून नेले, ज्यांनी एका खोलीत राहून आमची शुल्के भरली, त्यांना मागे ठेवून आम्ही तेथे जायचे नाही. आधी त्यांचे व्हिसा, मग सर्वांची तिकिटे. त्यासाठी प्रवास सहा महिने पुढे गेला. तो जाऊ दिला.

ज्येष्ठांसोबत जाताना आणखी एक बाब टाळू नये. ब्रिटनमधील मोफत आरोग्यसेवेची सवय झालेल्या आपल्याला अमेरिकेतील उपचारांच्या खर्चाची कल्पना नसते. प्रवासविमा प्रत्येकाचा काढावाच आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांसारखे जुने आजार विम्याच्या अर्जात स्पष्ट लिहावेत. ते लपवले तर ऐन वेळी विमा असून नसल्यासारखा होतो. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावीत.

शहरात वावरताना

मॅनहॅटनची रचना समजली की भीती जाते. शहराच्या बहुतांश भागात पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यांना क्रमांक आहेत आणि ते उत्तरेकडे वाढत जातात. दक्षिण-उत्तर जाणारे मोठे मार्ग म्हणजे ॲव्हेन्यू. वीस छोटे ब्लॉक म्हणजे साधारण एक मैल. भुयारी रेल्वेत बँकेचे स्पर्शविरहित कार्ड किंवा मोबाइल टेकवून जाता येते. एकच कार्ड सतत वापरले तर सात दिवसांच्या भाड्याला कमाल मर्यादा लागू होते. ४४ इंचांपर्यंत उंचीच्या मुलांना मोठ्यांसोबत भाडे नाही. मात्र अनेक स्थानकांत उद्‌वाहक नाही. गुडघेदुखी असलेल्यांसाठी बस अधिक सोयीची.

दुकानात किंवा उपाहारगृहात लिहिलेल्या किमतीवर शहरातील विक्रीकर साधारण ८.८७५ टक्के वाढतो. बसून जेवल्यास बिलावर १८ ते २० टक्के बक्षिसी देण्याची तेथे रीत आहे. अंदाजपत्रकात हे आधीच धरावे. वीजदाब १२० व्होल्टचा आणि प्लगही निराळा असल्याने त्यासाठीचा जोड सोबत न्यावा. घरच्यासारखे जेवण हवे असेल तर क्वीन्समधील जॅक्सन हाइट्स गाठावे. भारतीय, बांगलादेशी, नेपाळी, तिबेटी अशी सर्व खाद्यगृहे तेथे लागून लागून आहेत. पोळी-भाजीची आठवण काढणाऱ्या आजीचे आणि मोमोची वाट पाहणाऱ्या नातवाचे तेथे एकाच गल्लीत समाधान होते.

पहिला दिवस : बंदर आणि दफनभूमी

मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरून स्टेटन बेटाकडे जाणारी फेरीबोट विनामूल्य आहे. तिच्यावरून स्वातंत्र्यदेवतेचे दर्शन दुरून पण छान होते. पुतळ्याच्या बेटावर उतरायचे असेल तर अधिकृत बोटीचे तिकीट आधी काढावे. मुकुटापर्यंत चढण्याची तिकिटे फार आधी संपतात. याच तिकिटात एलिस बेटही पाहता येते. १८९२ ते १९५४ या काळात लक्षावधी स्थलांतरितांची तेथे तपासणी झाली. आपणही स्थलांतरितच असल्याने तेथील संग्रहालय आपल्याला परके वाटणार नाही.

दुपारी उत्तरेकडे चालत गेले की वुलवर्थ इमारत लागते. ती बाहेरून पाहावी आणि तेथून काही मिनिटांवरच्या आफ्रिकन दफनभूमीच्या राष्ट्रीय स्मारकाकडे जावे. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या शहरातील गुलाम आणि मुक्त कृष्णवर्णीयांना तेथे पुरले जाई. पुढे त्यावर इमारती उठल्या आणि जागा विस्मरणात गेली. १९९१ मध्ये एका सरकारी इमारतीच्या पायासाठी खोदकाम होत असताना ती उघड झाली. लोकांनी आवाज उठवला. ४१९ जणांचे अवशेष अभ्यासानंतर २००३ मध्ये सन्मानपूर्वक पुन्हा पुरण्यात आले. प्रवेश विनामूल्य आहे. स्मारक कोणत्या वारी बंद असते ते आधी पाहावे. जगातील सर्वांत उंच इमारत ज्या परिसरात उभी राहिली, त्याच परिसराच्या मातीखाली हे शहर उभारणाऱ्यांची हाडे होती, हे मुलांना तेथे उभे राहूनच समजते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केले, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेले लोक होते. हे सांगण्याची याहून योग्य जागा नाही.

दुसरा दिवस : ग्रंथालय आणि संयुक्त राष्ट्रसंघ

ग्रँड सेंट्रलच्या छतावरील तारकामंडळ पाहून बेचाळिसाव्या रस्त्याने पश्चिमेकडे निघाले की सार्वजनिक ग्रंथालय लागते. प्रवेश विनामूल्य. न्यूयॉर्कमधील मुक्कामात बाबासाहेबांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. शिष्यवृत्तीच्या मर्यादित पैशातून पोटाला चिमटा घेऊन केलेली ही खरेदी होती. आमच्या आराखड्यात प्रत्येक मुलाला एक जुने पुस्तक विकत घेण्यापुरते पैसे राखून ठेवले आहेत. खेळणे नाही, पुस्तकच. निवड मात्र त्याची.

दुपारी संयुक्त राष्ट्रसंघाचे मुख्यालय. मार्गदर्शकासह फेरी आठवड्याच्या कामाच्या दिवशी असते, तिकीट आधी घ्यावे लागते, ओळखपत्र लागते आणि पाच वर्षांखालील मुलांना फेरीत प्रवेश नसतो. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या निवेदनाची प्रत मागवली होती. अस्पृश्यांचा प्रश्नही तेथे न्यावा, असा विचार त्यामागे होता. ड्यू बॉइस यांनी आस्थेने उत्तर दिले. सत्तर वर्षांनी, २०१६ मध्ये, बाबासाहेबांची १२५ वी जयंती याच मुख्यालयात साजरी झाली.

तिसरा दिवस : ११६ वा रस्ता

हा आमच्या प्रवासाचा गाभा. एक क्रमांकाच्या गाडीने ११६ व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरावे. येथे एक गोष्ट आधीच जाणून घेतलेली बरी. अलीकडच्या वर्षांत कोलंबियाच्या प्रांगणाची दारे बाहेरच्या लोकांसाठी बऱ्याचदा बंद ठेवली जातात आणि ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत. बाबासाहेबांचा अर्धपुतळा लेहमन ग्रंथालयात आहे. तेथे जायलाही परवानगी लागते. म्हणून काही आठवडे आधी विद्यापीठाला लिहून विचारावे, उत्तराची छापील प्रत जवळ ठेवावी आणि ऐन वेळी नकार मिळू शकतो, हे घरातील ज्येष्ठांना निघण्यापूर्वीच सांगावे.

बंद दार आपल्या समाजाला नवे नाही आणि म्हणूनच ते अधिक लागते. परंतु मुलांना येथे भेद समजावून सांगावा. सुरक्षेसाठी सर्वांना सारखे बंद असलेले दार वेगळे आणि जन्म विचारून काहींनाच बंद होणारे दार वेगळे. चवदार तळ्याचे पाणी दुसऱ्या प्रकारातले होते.

शिवाय बरेच काही सार्वजनिक रस्त्यावरूनच दिसते. ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यूवर ११६ पासून ११४ व्या रस्त्याकडे चालत गेल्यास हार्टली हॉल आणि त्याच्या शेजारचा, आता वॉलाक हॉल म्हणून ओळखला जाणारा, लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहांच्या इमारती दिसतात. बाबासाहेब आरंभी काही दिवस हार्टलीत होते, मग काही काळ ११४ व्या रस्त्यावर राहिले आणि नंतर लिव्हिंग्स्टनमध्ये नवल भथेना या पारशी मित्रासोबत राहू लागले. ही मैत्री जन्मभर टिकली. ज्या माणसाला स्वतःच्या देशातील शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले, त्याला येथे कोणाच्याही शेजारची खाट मिळाली.

प्रांगणात प्रवेश मिळालाच तर एक खुणगाठ बांधावी. सध्याचे मुख्य ग्रंथालय बटलर १९३४ चे आहे. बाबासाहेब ज्या ग्रंथालयात तासन्‌तास बसत, ते समोरचे घुमटाचे लो ग्रंथालय. छायाचित्र काढायचे तर त्याच्या पायऱ्यांवर काढावे.

पण या दिवसाची खरी तयारी घरीच करायची आहे. ९ मे १९१६ रोजी, पंचविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तो एका संध्याकाळी वाचून होतो. जातीबाहेर लग्न करण्यास बंदी हा जातीचा प्राण आहे आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या प्रथा ती बंदी टिकवण्यासाठी वापरल्या गेल्या, असे त्यांनी त्यात दाखवले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला हे समजते आणि ती लगेच विचारते, ‘मग आपल्या ओळखीच्यांत अजून जात पाहून स्थळे का शोधतात?’ हा प्रश्न आमच्या तिसऱ्याच बैठकीत आला. त्याचे सोपे उत्तर आम्हा मोठ्यांपाशी नव्हते. तो प्रश्न घेऊनच आम्ही ११६ व्या रस्त्यावर जाणार आहोत.

याच विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, सेलिग्मन, शॉटवेल आणि जॉन ड्युई यांच्यासारख्यांकडून शिक्षण घेतले आणि १९१५ मध्ये एम. ए. केले. ५ जून १९५२ रोजी विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्यांचे आवडते गुरू ड्युई हे त्याच्या चारच दिवस आधी, १ जूनला, निधन पावले होते.

तेथून रिव्हरसाइड ड्राइव्हने दक्षिणेकडे दहा-अकरा ब्लॉक चालले की १०५ आणि १०६ व्या रस्त्यांच्या दरम्यान एका जपानी बौद्ध विहारासमोर शिनरान या भिक्खूंचा उंच कांस्यपुतळा दिसतो. हिरोशिमावरील अणुबॉम्बच्या आगीतून तो वाचला आणि १९५५ मध्ये येथे आणला गेला. तो रस्त्यावरूनच दिसतो. तेथे थांबून त्रिसरण-पंचशील म्हणावे आणि दिवस संपवावा. पुतळ्याशेजारच्या छायाचित्राची इच्छा ज्यांची अपुरी राहिली असेल, त्यांचेही मन तेथे निवेल.

चौथा दिवस : हार्लेम

कोलंबियाच्या टेकडीखाली लागूनच हार्लेम. बाबासाहेब ज्या वर्षी आले, त्याच वर्षी अमेरिकेच्या केंद्रीय कार्यालयांत गोऱ्या-काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवण्यास सुरुवात झाली होती. त्यांना ज्या शहराने बरोबरीने वागवले, त्याच शहरातील कृष्णवर्णीयांना घर आणि नोकरी मिळवताना रंग आड येत होता. हे दोन्ही एकत्र सांगितल्याशिवाय मुलांना अमेरिका अर्धीच कळेल.

१३५ व्या रस्त्यावरील शॉमबर्ग केंद्र अवश्य पाहावे. कृष्णवर्णीयांना इतिहासच नाही, असे लहानपणी ऐकलेल्या आर्तुरो शॉमबर्ग यांनी आयुष्यभर पुस्तके, चित्रे, कागदपत्रे जमवली. १९२६ मध्ये तो संग्रह सार्वजनिक ग्रंथालयाने घेतला. कवी लँग्स्टन ह्यूज यांची रक्षा याच वास्तूतील नक्षीदार फरशीखाली आहे. प्रवेश विनामूल्य आहे, रविवारी केंद्र बंद असते. राजगृह ग्रंथांसाठी बांधणाऱ्या बाबासाहेबांचे वारस म्हणून आपण तेथे आदराने, हळू आवाजात फिरावे.

पाचवा दिवस मुलांचा

टाइम्स स्क्वेअर, सेंट्रल पार्क आणि मेट्रोपॉलिटन संग्रहालय. संग्रहालय बुधवारी बंद असते. बारा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. तेथील गांधार शैलीतील बुद्धमूर्ती सर्वांत शेवटी पाहाव्यात, कारण त्यांच्यापुढून ज्येष्ठ लवकर हलणार नाहीत.

राहिला खर्च. सहा कुटुंबांनी दीड वर्ष दरमहा ठरावीक रक्कम बाजूला ठेवली. त्यातून एका दिवसाचा खर्च आम्ही वेगळा काढला आहे. तो गावाकडील एका विद्यार्थिनीच्या उच्च शिक्षणासाठी जाईल आणि ती कोण, हे मुलांनी अर्ज वाचून ठरवायचे आहे. १९१३ साली एका शिष्यवृत्तीने न्यूयॉर्कचे दार उघडले होते. आपण त्या दाराशी जाऊन यायचे, तर कोणासाठी तरी दुसरे एखादे उघडून यावे, एवढीच या प्रवासाची अट आम्ही स्वतःला घातली आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!